दाराजवळचं डेस्क

शैलजाकाकू म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी शाळेचा एकखांबी तंबू. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढलेली बाई. स्वतः तपासल्याशिवाय कधी सिरिंजसुद्धा उचलली नाही. निवृत्तीनंतर तोच खाक्या त्यांनी रविवारच्या वर्गात आणला. फळा त्याच पुसणार, वह्या त्याच वाटणार, जॅकेटच्या चेनी त्याच लावणार. मुलं संस्थानिकांसारखी बसलेली. उरलंसुरलं आईबाप करणार. पोराच्या हातात झाडू दिसला की आपल्या लोकांच्या काळजात कळ येते, दुसरं काय!

या हौसेनंच घात केला. वर्ग भाड्याचा. सोमवार ते शुक्रवार तिथे मिसेस कोवाल्स्कींचा दुसरीचा वर्ग भरतो. एका रविवारी ऋताच्या बाबांनी, राजेशनं, निघताना मन लावून आवराआवर केली आणि खिडकीतले मातीचे सोळा कागदी पेले कचऱ्यात टाकले. त्यात कोवाल्स्कीबाईंच्या मुलांनी घेवडा पेरला होता. सोमवारी वर्गात रडारड. मंगळवारी पत्र: वर्ग जसा दिला तसाच परत हवा. पुन्हा तक्रार आली, तर करार रद्द.

परवडेल अशी दुसरी जागा नव्हती. म्हणजे शाळाच बंद.

काकूंनी चिडून, अगदी चिडूनच, ठरवलं: यापुढे कामं मुलांना. वर्ग कसा सांभाळायचा ते रोज शाळेत जाणाऱ्यांना कळतं, आईबापांना नाही. पालकांना त्यांनी दाराबाहेर काढलं. देवांगकडे फळा, अनुष्काकडे वह्या. उरली ऋता. सात वर्षांची, तोंडातून शब्द काढायची मारामार. तिला काय द्यावं सुचेना, तेव्हा काकू म्हणाल्या, "तू वर्ग बघ. आल्यावर कसा होता ते लक्षात ठेवायचं, जाताना तसाच लावून घ्यायचा."

"मग बॉस कोण?" देवांगनं विचारलं.

"ऋता. माझीसुद्धा."

"ओ माय गॉड, काकू, तुमची पण?"

विश्वास वगैरे ठीक, पण शाळेचा प्रश्न होता. काकूंनी गुपचूप फोनवर वर्गाचे फोटो काढून ठेवले.

डेस्कं बाजूला सारून गोलात वर्ग झाला. शेवटी ऋता एकेका जागेवर बोट दाखवत गेली आणि मुलं निमूटपणे डेस्कं सरकवत गेली. तेवढ्यात राजेश आत डोकावला, सवयीनं आतच आला, आणि दाराजवळ भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एकुलतं एक डेस्क ओढून त्यानं रांगेत लावलं.

"काकू, हे राहिलं होतं. मुलं ती मुलंच."

काकूंनी फोन काढला. फोटो दारातून काढलेले; दाराजवळचं डेस्क एकाही फोटोत नव्हतं. रांगेत ते इतकं बरोबर दिसत होतं!

"बाबा, नो. ते तिकडेच होतं," ऋता म्हणाली.

"अगं, भिंतीकडे कोण बसवतं? शिक्षा केल्यासारखं!"

"पनिशमेंट नाही." हात न लावता तिनं आतला खण दाखवला. टिश्यूचा डबा, कानांवर लावायचे मोठे निळे हेडफोन, एक कापडी ससा. "कुणालातरी इथे नॉइज सहन होत नाही. मग ते इकडे येऊन बसतात. मंडेला आले आणि डेस्क नसलं तर?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी चार संडे बघतेय. रॅबिट दर वेळी वेगळा बसलेला असतो."

काकूंना एकदम आठवलं. "आणि ते पेले? त्यात बी पेरलंय, हे माहीत होतं तुला?"

"हो. सिक्स्टीन होते. तिघांना पानं आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

ऋतानं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तेव्हा ते माझं काम नव्हतं."

राजेशनं डेस्क उचललं आणि होतं तिथे नेऊन ठेवलं. काकू तिथल्याच बुटक्या खुर्चीवर बसल्या. चाळीस वर्षं त्यांनी झोपलेल्या माणसांच्या छातीवर डोळे लावले होते. बघणं म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि ही वीतभर पोरगी, चार रविवार, कुणी न सांगता!

पुढच्या रविवारी खिडकीत सोळा नवे पेले होते. शेजारी पाण्याची छोटी झारी, आणि कोवाल्स्कीबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: रविवारी पाणी घालाल का?

काकूंचा हात सवयीनं झारीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

"ऋताबाई," त्या म्हणाल्या, "किती पाणी लागेल हो?"