तात्यांनी उचललेलं दार

आमच्या शेजारच्या तात्यांइतका संशयी माणूस अंथुर्ण्यात आजवर झाला नाही, आणि पुढंही होईल असं वाटत नाही. त्यांच्या संशयातून देवसुद्धा सुटला नव्हता. देवळात जाताना ते चपला पिशवीत घालत आणि पिशवी काखेत धरूनच नमस्कार करत. दुधाच्या किटलीला कुलूप, सायकलच्या मागच्या चाकाला कुलूप, पुढच्या चाकाला साखळी, आणि सायकलची सीट काढून घरात. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन एकदा ओढत. "लावलं म्हंजे बंद झालं असं न्हाय," ते म्हणायचे, "वढून बघितलं म्हंजे बंद झालं."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी द्यायचं, त्या पाळ्या सांभाळण्याचं त्यांचं काम. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या चाऱ्यांवरच्या लोखंडी दारांच्या किल्ल्या कमरेच्या काळ्या गोफाला बांधलेल्या असत. निवृत्त झाले तेव्हा किल्ल्या खात्याकडे गेल्या, गोफ तेवढा राहिला. एरवी एखादा माणूस पाळीला हजर नसला तर शेजारी पाटकऱ्याकडून त्याचं दार उचलून घेतो, पाणी वाया जाऊ देत नाही. आमच्याकडे त्याला कुणी चोरी म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. तात्यांना तो धर्म मान्य नव्हता. मागणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय दार उचलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा त्यांचा सख्खा भाऊ तापानं पडला आणि त्यानं बायकोला पाठवलं. तात्या म्हणाले, "पाळी त्याच्या नावावर हाय, त्यालाच धाड." पाळी गेली, भावाची मका जळाली. भाऊ पुढं मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. तात्या ही गोष्ट कधी सांगत नसत, मला ती आईनं सांगितली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पुण्यातल्या एका कंपनीत दवाखान्यांच्या नोंदी सांभाळायचं काम मला मिळालं, त्याच वर्षी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई रानात जाणार, दादांजवळ मी हवी. कंपनीनं मला घरून काम करायची परवानगी दिली. त्या उपकाराची जाणीव मला रोज सकाळी लॅपटॉप उघडताना असे. ती परवानगी गेली असती तर नोकरी सोडायची की दादांना सोडायचं, एवढंच माझ्या हातात उरणार होतं.

तात्यांनी माझ्या कामाची राखण स्वतःहून अंगावर घेतली. साडेनऊला येऊन ते दादांच्या खाटेशेजारी बसत. लॅपटॉपवर पासवर्ड टाकला की माझ्या फोनवर प्रश्न येई, आत येणारी तूच ना? मी हिरवं बटण दाबलं की कंपनीचं दार उघडे. तात्यांना ही पद्धत फार आवडली. मी पासवर्ड टाकायला लागले की ते भिंतीकडे तोंड फिरवत आणि दादांनाही डोळे मिटायला लावत. दादा अर्ध्या ओठांनी हसायचे. आजारपणात ते तेवढ्याचसाठी हसायचे. एकदा माझी मावशी आली आणि माझ्या मागं उभी राहून बघायला लागली. तात्या म्हणाले, "बाई, तुमी हिकडं सरका. हितं लोकांची दुखणी हायेत." मावशी अजून ते सांगते.

एवढी राखण असताना चूक माझ्याकडून झाली, तीही एक नाही, दोन. कंपनीचाच पासवर्ड मी दुसऱ्या एका वेबसाइटवर वापरला होता, आणि तो तिथून कुणाच्या तरी हाती लागला. दुसरं म्हणजे फोनचं लॉक मी काढून ठेवलं होतं. डाव्या हाताच्या एका बोटानं दादांना आईला फोन लावता यावा म्हणून. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

त्या दिवशी मी दादांची औषधं आणायला भवानीनगरला गेले होते. फोन त्यांच्या उशाला. साडेदहाला तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. पाच वेळा. प्रश्न तोच होता, फक्त विचारायला लावणारी मी नव्हते. तात्या शेजारीच बसले होते. पाचव्या वेळेला त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मी परत आले तेव्हा कंपनीनं माझं खातं बंद केलं होतं. कुणीतरी आत शिरून काही रुग्णांची पानं उघडली होती. परवानगी स्थगित, चौकशी सुरू. तात्या खाटेशेजारून उठून दारात उभे राहिले होते. मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

चौकशीच्या दिवशी ते धुतलेली टोपी घालून आले आणि "जबाब द्यायचा हाय" म्हणून मी लावून दिलेल्या लॅपटॉपसमोर बसले. पलीकडे कंपनीच्या सुरक्षाविभागाच्या मॅडम होत्या.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं ना, बटण फक्त तिनं दाबायचं?"

"व्हय."

"मग का दाबलं?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "पोरीच्या कामाची पाळी हातातनं चालली हुती," ते म्हणाले. "एकदा पाळी जाताना बघितली हाय मी. दार मी उचललं. तिचा दोष न्हाय."

"दोष माझाही आहे," मी म्हणाले आणि लॉकचं आणि पासवर्डचं खरं ते सांगितलं.

मॅडम लिहून घेत होत्या. तेवढ्यात तात्या म्हणाले, "आन् तुमची बी पद्धत कच्ची हाय, बाई. तुमचा फोन नुसता मागतुया. कोण मागतंय ते कुठं दावतुया?" मॅडमचा हात थांबला. मग त्यांनी तेही लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी परवानगी परत मिळाली, ताकीद देऊन. कुरिअरनं बोटाच्या पेराएवढी एक किल्ली आली. ती लॅपटॉपला लावून स्पर्श केल्याशिवाय दार उघडणार नव्हतं, फोनवरचं बटण कायमचं गेलं. मी ती घेऊन तात्यांकडे पळाले. त्यांनी हात मागं घेतला. "तुझी किल्ली तू संबाळ." मग कमरेचा काळा गोफ सोडून माझ्या हातावर ठेवला. "ह्याला बांध. खिशात ठिवू नगंस, खिसा फाटतो."

त्यानंतर ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. दादा साडेनऊला दाराकडे बघत राहत. दहा वाजले की तात्या त्यांच्या ओट्यावरून हाक मारत, "कोण मागतंय?" मी म्हणायची, "मीच, तात्या." मगच मी किल्ली लावायची.

उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं त्यांना बारामतीला नेलं. ओटा रिकामा आहे, दाराला कुलूप आहे. जाता येता मी ते ओढून बघते. दहा वाजता गोफ हातात घेऊन मी क्षणभर थांबते. खाटेवरून दादा डावा हात उचलतात, माझ्याकडे बघतात आणि ओठ हलवतात. शब्द फुटत नाहीत, पण काय विचारतात ते मला कळतं.

"मीच, दादा," मी म्हणते.