सर्वानुमते अळंबी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर कचेरीत पाण्याच्या मीटरच्या तक्रारी नोंदवत बसले आणि निवृत्त झाल्याबरोबर निसर्गतज्ज्ञ झाले! फोनवर एक मंडळ आहे. कुणीही झाडाचा, किड्याचा फोटो टाकायचा आणि नाव सुचवायचं. चार जणांनी 'सहमत' दाबलं की हिरवी खूण उमटते, म्हणजे ओळख पक्की.

त्या खुणेचं भाऊजींना वेडच लागलं. पण मंडळातले जाणकार मेले शंका काढतात! मग भाऊजींनी घरातच जाणकार तयार केले: ताई, लेक, जावई आणि मी. "टाकलंय बरं का!" अशी हाक आली की ताईने भांडी टाकून, साबणाचे हात पुसून त्यांची री ओढायची. "हा बगळा कशावरून, भाऊजी?" असं मी एकदाच विचारलं, तर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग मीही मुकाट दाबायला लागले. कोण डोकं लावणार!

परवा परसात कुजक्या ओंडक्याशेजारी अळंबी उगवली. भाऊजींनी 'खाण्याजोगी' म्हणून फोटो टाकला, आम्ही दाबलं, खूण आली. खाली एका बाईंनी लिहिलं, 'देठाचा तळ दाखवा. विषारी जातही अशीच दिसते.'

"जळतात लोक!" म्हणत भाऊजींनी टोपलीभर अळंबी खुडून ताईपुढे ठेवली. लेक-जावई जेवायला यायचेच होते.

ताईने ती लोण्यात परतली आणि पहिलं ताट भाऊजींपुढे ठेवलं. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा ताटात पाहिलं. चमचा काही उचलेनात.

"आधी जावईबापूंना वाढ," ते म्हणाले. "पाहुण्यांचा मान."

जावई बिचारा पांढराफटक! लेकीने त्याचं ताट झटकन मागे ओढलं.

"बाबा, तुम्हाला शंका आहे?"

"शंका अशी नाही गं... पण शंभर टक्के कोण सांगणार?"

"मग ती खूण कसली?" मला राहवेना.

"ती तुम्ही दिलीत!" भाऊजी उसळले. "चौघांनी मिळून! मी काय एकटा होतो?"

ताईने सगळी अळंबी कचऱ्यात ओतली आणि अंडी फोडायला घेतली.

"एकटेच होतात," ती पाठमोरीच म्हणाली. "आम्हाला कधी काही विचारलंत?"