चौथीच्या बाई आणि बाबांची इच्छा

अशिलाला काय हवंय ते त्यानेच सांगावं लागतं. वकील ते त्याच्या तोंडी घालू शकत नाही. कायद्याच्या वर्गात हे ऐकलं तेव्हा मला चौथीतली ती दुपार आठवली आणि मी पुन्हा एकदा बाबांवर वैतागले.

जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या त्या लहान गावात आमचं एकच मराठी घर. बाबा तिथल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये आचारी. चौथीनंतर इथे मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियमला गेलं तर युनिव्हर्सिटीचा रस्ता सरळ, रेआलशूलेला गेलं तर लांबचा वळसा. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मला पोचायचं होतं. घरी तसं ठरलंही होतं. निवड आईवडिलांची असते, त्यामुळे बाबांनी शाळेत बाईंसमोर तेवढं म्हणायचं होतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आईसोबत आले. त्यांचं जर्मन बेताचं, म्हणून दुभाषी मीच.

"तुमची इच्छा काय आहे?" बाईंनी विचारलं.

"सांग त्यांना, बाई म्हणतील तसं," बाबा मला म्हणाले.

"माझ्या मते रेआलशूले बरी. तिचं जर्मन अजून कच्चं आहे. पण ठरवायचं तुम्ही."

"बघ, बाईंनीच सांगितलं. हो म्हण."

"बाबा! घरी काय ठरलं होतं?"

"घरी बाई नव्हत्या. गुरूला उलट बोलायचं नसतं."

आईने बाबांना कोपराने ढोसलं. "अहो, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. बोला की!"

"तू लाडू दे त्यांना."

बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, बाबा हसून हात जोडत होते. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच नीट सांगत नव्हते. शेवटी माझा संयम सुटला. "बाबा, तुमची इच्छा तुम्हीच सांगा असं बाई केव्हाच्या सांगतायत. तुम्ही त्यांचं ऐकतच नाही!"

बाबा दचकले. बाईंचं ऐकत नाही? ते खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि कविता म्हणावी तसे, शेवटी जर्मन 'प्लीज' जोडून म्हणाले, "गिम्नाझियम, बिट्टे."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणत बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे माझं जर्मन पक्कं व्हावं म्हणून शाळा सुटल्यावर त्याच मला शिकवत बसायच्या. ते उपकार मी विसरणार नाही.

बाबा मात्र बसस्टॉपवर अस्वस्थ. "बाईंच्या मताविरुद्ध बोललो. वाईट दिसलं गं. आत जाऊन माफी मागून येऊ?"

"त्या पुन्हा इच्छा विचारतील," आई म्हणाली, आणि बस येईपर्यंत तिने त्यांचा दंड सोडला नाही.