संध्याकाळची खाच

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीटसं कळत नाही.

आणीबाणीच्या थोडी आधीची गोष्ट. नागपुरात एका संस्थेत मी पाहणीच्या कामावर होते. इतवारीपलीकडे विणकरांच्या वस्तीत एक छोटा दवाखाना निघणार होता. तो कोणत्या वेळी उघडा ठेवायचा, हे आम्ही घरोघर विचारत होतो. तेव्हा कुठले संगणक! प्रत्येक घराचं एक जाड कार्ड, कडेने छिद्रं. जे उत्तर, त्या छिद्राला कात्रीने खाच मारायची. मग गठ्ठ्यातल्या त्या छिद्रांतून स्वेटरची सुई ओवून उचलली, की खाच मारलेली कार्डं खाली गळायची. ती मोजायची, तक्ता करायचा, मुंबईच्या मुख्य कचेरीला पाठवायचा. कार्डाचा नमुना मी आखला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली — आणि मी काय फुगले होते म्हणून सांगू!

वस्तीत मला फिरवलं काशीकाकूने. आईची मैत्रीण, एकटी, मागावर पोट भरणारी, सदा खोकणारी. ती म्हणाली, “संध्याकाळी ठेवा म्हना वं दवाखाना. सकाळी ताण्याले खळ लावू का तिथं लाइनीत बसू?” जवळजवळ प्रत्येक घरात हेच उत्तर.

कार्डावर सकाळ होती, दुपार होती. संध्याकाळ नव्हती. मी विसरले होते. मी — जिचे आजोबा रोज सकाळी गल्लीत ताणा पसरून उभ्या सुताला खळ लावायचे! साहेबांना सांगायचं, नवी कार्डं छापायची, शाबासकीवर पाणी सोडायचं — एवढंच होतं ना? तेवढंही जमलं नाही. संध्याकाळ म्हणणाऱ्या सगळ्यांना मी ‘सकाळ’मध्ये ढकललं. सुई उचलली, कार्डं भराभर गळली. तक्ता फार देखणा झाला. मुंबईहून कौतुक आलं.

दवाखाना सकाळी उघडू लागला. कोण येणार? काही महिन्यांत कुलूप. साहेब म्हणाले, “या लोकांना औषधच नको असतं.” — आणि मी मान डोलावली. चुकीपेक्षा ती डोलावलेली मान मला जास्त टोचते.

कुलूप लागल्यावर काकू घरी आली. दम लागला होता तिला. म्हणाली, “मलेच बरोबर सांगता नाही आलं वाटते. तू त लिहिलं होतं ना वं?”

“हो काकू,” मी म्हणाले. आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. दवाखाना चालू असता तर वाचली असती? — कुणास ठाऊक, असं म्हणत मी त्या शब्दांच्या आडोशाला इतकी वर्षं बसले. पण एक मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या बोलण्यामुळे वस्तीचा दवाखाना गेला, असं समजत ती गेली. तिने नीट सांगितलं होतं. मी ऐकलंही नीट होतं.