उशिरा सुटलेला पक्षी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आमच्या भागातली मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे कन्नड शाळेत जायचं ठरलं, तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली आणि मी घरीच राहिले. अक्षर तर त्याहून वाईट, कारण माझं उजवं मनगट नीट वळत नाही. कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही. अण्णाच्या तेराव्याला सगळे त्याच्याविषयी काही ना काही बोलले, मी मात्र ताटं वाढत राहिले. म्हणून आता लिहिते आहे.

अण्णा, माझा थोरला भाऊ, गेला त्याला महिना उलटून गेला. त्या सकाळी मी महादेवपुऱ्यात मुलाच्या घरी मेथी निवडत होते. मुलगा एका खोलीत आणि सून दुसऱ्या खोलीत दार लावून ऑफिसच्या लोकांशी बोलत होते. वहिनींचा फोन आला. "वन्सं, हे उठत नाहीयेत." मी म्हटलं, "अहो, मोठ्याने हाक मारा, त्याला कुठे ऐकू येतं!" त्या म्हणाल्या, "मारली हो... डाव्या कानाशी मारली, उजव्या कानाशी पण मारली..." आणि पुढे बोलेचनात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला अण्णाच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली. रस्ता तसाच तुंबलेला. टॅक्सीवाला मागे वळून म्हणाला, "स्वल्प लेट आगत्ते, अम्मा." उशीर होईल, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी मान हलवली.

अण्णा नेमबाज होता. आकाशात सोडलेल्या मातीच्या पक्ष्यांवर नेम धरण्याचा खेळ असतो, त्यात तो आधी राज्यात आणि नंतर देशात पहिला आला होता. त्याच्या इमारतीतल्या लोकांना हे माहीतही नव्हतं. खालचा वॉचमन त्याला 'बंदूकवाले सर' म्हणायचा, ते निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला तो न्यायचा म्हणून. बंदूक ठाण्यात असायची तेवढे दिवस अण्णा घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचा. वहिनी म्हणायच्या, "मी माहेरी गेले तर यांना चार दिवस कळायचं नाही, पण ही गेली की जेवण जात नाही."

मी त्याला शेवटचं भेटले ते त्याच्या गॅलरीत. जाळी लावूनसुद्धा कबुतरं आत येत. अण्णा खुर्चीत बसून उडणाऱ्या एकेका कबुतरामागे बोट फिरवायचा, थोडं पुढे न्यायचा आणि थांबायचा. वहिनी फडकं घेऊन आल्या. "बघा वन्सं, जन्मभर खोटे पक्षी मारले. खरे इथे घाण करतात तर चॅम्पियनसाहेब बोट दाखवतात!" त्याला ऐकू गेलं नाही, पण टोमणा आहे हे कळलं. हसून म्हणाला, "तुझी वहिनी माझं कौतुक करतेय ना, तंगी?" तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. लहानपणी शेजारच्या मुलांचं ऐकून त्याने ते उचललं आणि माझं खरं नाव मागे पडलं. वहिनी आत गेल्यावर त्याने माझं मनगट हातात घेतलं, आधी वरून आणि मग उलटं करून खालून पाहिलं. "थंडीत दुखतं का गं?" इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "न्हाणीघरातलं जुनं दुखणं, चालायचंच." मग त्याने माझा हात हळूच माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा कबुतरांकडे वळला...

मी न्हाणीघरात कधीच पडले नव्हते.

तो खेळ आता कोण खेळतं, मला ठाऊक नाही. तेव्हा हेब्बाळच्या पलीकडे द्राक्षांचे मळे होते, निलगिरीची झाडं होती आणि त्यांच्या मागे एका क्लबचं मोकळं रान होतं. रविवारी कुर्गहून कॉफीच्या मळ्यांचे मालक येत, लष्करातून निवृत्त झालेले साहेब येत. त्यांच्या बंदुका विलायतेच्या, बूट चकचकीत. आमचे वडील, अप्पा, कारखान्यात फिटर. अण्णाला त्या जगात नेलं अप्पांच्या एका साहेबाने, बंदुका पुसायला. एकदा गंमत म्हणून त्याच्या हाती बंदूक दिली, तर त्याने लागोपाठ पक्षी फोडले. तिथून सुरू झालं ते सुरूच राहिलं. मातीचे पक्षी म्हणतात, पण ती माती नसते. चुना आणि डांबर यांची बशीएवढी काळी तबकडी असते. न फुटता गवतात पडलेल्या तबकड्या मी वेचून पोत्यात भरायची, त्या परत वापरत. काडतुसं महाग, म्हणून रिकामी नळकांडी घरी आणून अण्णा जेवणाच्या पाटावर पुन्हा भरायचा. त्या रात्री अप्पा ओसरीवर जेवत. "एक दिवस आमटीत छर्रे निघतील," म्हणायचे.

अण्णाला स्वतःची बंदूक हवी होती. साहेबांची उसनी बंदूक साहेबांच्या खांद्याच्या मापाची असायची. आई जाताना तिच्या पाटल्या माझ्या लग्नासाठी ठेवून गेली होती. अण्णाने त्या मागितल्या नाहीत. पेटीसमोर नुसता बसून राहिला. मीच काढून दिल्या. "देशात पहिला आलो की परत करतो, तंगी. सोन्याचा तेव्हा जो भाव असेल त्या भावाने." अप्पांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. अण्णाला समोर उभं करून म्हणाले, "ऐक. या बंदुकीपायी घरात कुणाला खरचटलं जरी, तरी त्याच दिवशी ती दुकानात परत जाईल." अप्पा बोलले की तसंच करत.

मैदानासमोर जमिनीत एक खड्डा होता, वर पत्रा. आत पक्षी उडवायचं यंत्र. त्याचा लोखंडी हात जोर लावून मागे ओढायचा, खटक्यात अडकवायचा, त्यावर तबकडी ठेवायची आणि नेमबाजाने "पुल!" अशी हाक दिली की दोरी ओढायची. स्प्रिंग जुनी होती, हात कधी सुटेल याचा भरवसा नसायचा. त्या यंत्रावर माणूस टिकत नसे. मी पोती घेऊन तिथे जातच होते, बघून बघून शिकले. मला तो खड्डा आवडायचा. तिथे कुणी बघत नसे, कुणाशी बोलावं लागत नसे. अण्णा वर, मी खाली, एकमेकांना दिसत नसू. तयार झाले की मी पान्याने पत्र्यावर दोनदा वाजवायची. वरून अण्णा कन्नडमध्ये "सरी!" म्हणजे ठीक, असं म्हणायचा आणि मग हाक द्यायचा. इतर नेमबाज हसत. एक साहेब म्हणाला होता, "हा आधी पाताळाची परवानगी घेतो." पण अण्णाने ती सवय कधी सोडली नाही.

राज्याच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. अण्णा आणि एक कुर्गचा मळेवाला बरोबरीत होते, थोडेच पक्षी उरले होते. मी यंत्राचा हात मागे ओढला, खटका लागल्यासारखा वाटला आणि तबकडी ठेवताना तो सुटला. माझ्या मनगटातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. पदर तोंडात कोंबला म्हणून किंकाळी बाहेर गेली नाही. पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. डाव्या हाताने आणि पायाने रेटून यंत्र पुन्हा ओढलं. पाना कुठे पडला दिसेना, म्हणून चपलेच्या टाचेने पत्र्यावर वाजवलं. वर जरा शांतता. मग "सरी..." आणि मग हाक आली. पण दोरी माझ्या डाव्या हाताला लगेच सापडली नाही.

इथे खेळाचा एक नियम सांगायला हवा. हाक दिल्याबरोबर पक्षी सुटला नाही, तर नेमबाजाने बंदूक खाली घ्यायची. तो पक्षी हिशेबात धरत नाहीत. पंच खड्ड्याशी येऊन यंत्र बघतो आणि नवा पक्षी देतो. उशिरा आलेला पक्षी कुणी शहाणा माणूस मारायला जात नाही, कारण एकदा गोळी सुटली की चुकला तर चुकला. मी खाली वाट बघत होते. आता अण्णा बंदूक खाली घेईल, पंच येईल, मला बघेल. माझा हात वाचेल आणि संध्याकाळी बंदूक दुकानात जाईल. काय व्हावं असं मला वाटत होतं, ते आजही सांगता येत नाही. दोरी सापडली. पक्षी वाकडा गेला, गवताला लागून. आणि वर गोळी सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतरच्या हाका तो थांबून थांबून देत होता. प्रत्येक पक्षी लागला.

बक्षिसाला मी थांबले नाही. खड्ड्याच्या मागून बाहेर पडताना ऐकलं, तो मळेवाला अण्णाला म्हणत होता, "वेडा आहेस का? तो उशिराचा पक्षी सोडायचास की. चुकला असता म्हणजे?" अण्णा म्हणाला, "आला ना? आला की मारायचा." आणि हसला.

ते हसणं मी पदरात हात गुंडाळून बसमधून घरी घेऊन आले. अप्पांना न्हाणीघर सांगितलं. पुत्तूरची पट्टी बांधणाऱ्या हाडवैद्याने हाड बसवलं, पण वाकडंच बसलं. अण्णा कप घेऊन आला, दारातच उभा राहिला. "कुठे पडलीस?" "न्हाणीघरात." "जपून चालावं गं," एवढंच म्हणाला आणि कप फळीवर ठेवला. त्यानंतर त्याने मला कधी खड्ड्यात बसू दिलं नाही. मनगट बरं झाल्यावरही नाही. पदरचे पैसे देऊन माणूस ठेवला. मला वाटलं, मोठा झाला, आता बहीण खड्ड्यात बसते याची लाज वाटते. पुढच्या साली तो देशात पहिला आला. मग विजेवर चालणारी यंत्रं आली, काडतुसं परवडेनाशी झाली, साहेब लोक गेले, रान विकलं गेलं. पाटल्यांचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. मी डाव्या हाताने भाकरी थापायला शिकले, माझं लग्न झालं, संसार झाला.

माझ्या मुलाला विमानतळावर सोडून येताना एकदा आम्ही दोघं हेब्बाळवरून येत होतो. काचेच्या इमारतींकडे बोट करून अण्णा म्हणाला, "तिथे तुझा खड्डा होता. आता तळघर आहे, गाड्या लावतात. केवढा मोठा केला बघ!" टॅक्सीवाल्यानेही वळून पाहिलं, एवढ्या मोठ्याने बोलला. मी हसले. तेव्हा विचारता आलं असतं. टॅक्सीत तिसरा माणूस होता आणि अण्णाशी हळू बोलता येत नव्हतं. ही गोष्ट ओरडून विचारायची नव्हती. बंदुकीनेच त्याचे कान नेले आणि माझा प्रश्न माझ्यापाशीच राहिला. त्याला तेव्हा कळलं होतं का? कळून त्याने गोळी झाडली का?

गेल्या आठवड्यात वहिनी आल्या. एवढ्या लांब त्या एकट्या कधी येत नाहीत. बंदूक त्यांनी परवान्याच्या दुकानात देऊन विकली होती. चहा घेतला नाही. पिशवीतून दोन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली.

"हे पाटल्यांचे. आजच्या भावाने. सराफाकडे स्वतः जाऊन विचारून आले, यांनी तसं बजावलं होतं."

"आणि हे?"

"हे हाताचे."

"हाताचे म्हणजे?"

"मला काय माहीत, वन्सं? दिवाळीनंतर एकदा म्हणाले, बंदूक विकलीस की तंगीला पाटल्यांचे वेगळे दे आणि हाताचे वेगळे दे. मी ओरडून विचारलं, कसले हाताचे? तर म्हणे, ती घेणार नाही, तू ठेवून ये. तुम्ही तर न्हाणीघरात पडला होतात ना?"

पाकीट उचललं, पुन्हा ठेवलं. त्याला कळलं होतं... टाचेचा आवाज पान्याचा नव्हता, हे त्याला वरून कळलं होतं. बंदूक खाली घेतली असती तर माझं मनगट कदाचित सरळ बसलं असतं. खाली घेतली नाही म्हणून बंदूक घरात राहिली, माझं खोटं टिकलं आणि तो देशात पहिला आला. यातलं त्याने कशासाठी केलं, हे पैशांवर लिहिलेलं नसतं. माझ्यासाठी की त्या कपासाठी? वाटलं, हे पाकीट परत करावं. याऐवजी गॅलरीत त्या दिवशी तो एक शब्द बोलला असता तर. पण मी तरी कुठे बोलले? त्याने विचारलं आणि मी पुन्हा न्हाणीघरच सांगितलं.

"घ्या हो," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "नाहीतर ते माझ्यावर राहील."

मी दोन्ही पाकिटं घेतली. त्या गेल्यावर आईची पत्र्याची पेटी उघडली. पाटल्या जिथे असत तिथे, त्याच कोपऱ्यात, मी एक न फुटलेली काळी तबकडी ठेवलेली आहे. तिच्या शेजारी पाकिटं ठेवली, झाकण लावलं. आणि डाव्या हाताने झाकणावर दोनदा वाजवलं, आपसूक. घरात सगळ्यांची दारं बंद होती. वरून कुणी "सरी" म्हणालं नाही.

अण्णाने पैसे पुरते फेडले. माझं त्याच्याकडे आता काही येणं नाही.