सेट झालो की बोलावतो

"ऊब सरू दे, मग उघड."

साचेवहिनींचं हे बोलणं आमच्या ओळीतल्या पोराटोरांनासुद्धा पाठ होतं. दोन जावा भांडल्या आणि त्यातली एक तावातावाने दुसरीच्या दाराकडे निघाली, की वहिनी आपल्या खिडकीतून म्हणत, "ऊब सरू दे गं, मग उघड." कुणाच्या घरी तार आली, कुणाचा निकाल लागला, कुणाची सून माहेराहून रागावून परत आली, सगळ्याला हेच औषध.

हे बोलणं त्यांच्या कामातून आलं होतं. कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून आमची घरं उभी होती, आणि त्या कारखान्यात मातीची पांढरी भांडी होत. कपबशा, हात धुण्याची भांडी, संडासाची भांडी. भांडं मातीचं, पण ते ज्या साच्यात ओतायचं तो साचा प्लास्टरचा, आणि तो करायचा वहिनींनी. त्यांना त्या कामाची लाज नव्हती, उलट ताठा होता. "मोठमोठे साहेब माझ्या साच्यावर बूड टेकवतात," असं त्या भर बायकांत म्हणत, आणि बायका पदर तोंडात धरून हसत.

प्लास्टरची एक खोड आहे. भुकटी पाण्यात पडली, हाताने हलकेच कालवली, की ते कालवण थोड्या वेळाने आपोआप तापतं. खाली जाळ नाही, वर ऊन नाही. तळहात ठेवून बघा, ताप चढलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवल्यासारखं वाटेल. मग ऊब उतरू लागते. उतरली की आत दगड झालेला असतो. त्याआधी उघडलं तर कडा हातात येतात. मी पहिल्यांदा तिथे हात ठेवला तेव्हा चटकन मागे घेतला. वहिनी म्हणाल्या, "घाबरलात? जन्माला येतानाही ऊब असते, भाऊजी. जातानाही थोडा वेळ राहते."

आता एका शब्दाचं सांगतो. तो नसता तर हे काही झालं नसतं.

पूर्वी आमच्याकडे घट्ट होण्याला एक शब्द नव्हता. तेल थिजायचं. पाक आळायचा. दूध विरजायचं. रक्त साकळायचं. पाणी गोठायचं, आणि भिंतीचा गिलावा धरायचा. ज्याची जशी जात तसा त्याचा शब्द. त्या शब्दातच पुढचं सगळं सांगितलेलं असे. थिजलेलं तेल उन्हात ठेवा, पुन्हा वाहील. गोठलेलं पाणी पुन्हा पाणी होईल. विरजलेलं दूध मात्र जन्मात पुन्हा दूध होत नाही, आणि धरलेला गिलावा फोडल्याशिवाय सुटत नाही. परत यायची वाट आहे की नाही, ते ऐकणाऱ्याला लगेच कळायचं.

मग कारखान्यात नवीन यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर इंग्रजी बोलणारा एक मिस्त्री आला. तो प्लास्टरवर बोटाचं पेर वाजवायचा आणि म्हणायचा, "सेट."

पहिल्या दिवशी सगळे उठून उभे राहिले. "कुठले शेट आले?"

"शेट नाही हो, सेट!" असं ओरडून सगळ्यांत जास्त हसले ते दादा, म्हणजे साचेवहिनींचे यजमान. ते ओतकामावर होते. देखणा माणूस, उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक, आणि जिभेला नव्या शब्दांची भारी हौस. मिस्त्रीच्या मागे मागे फिरून त्यांनी त्या शब्दाचं कूळ काढलं. मिस्त्री म्हणाला, मुळात याचा अर्थ बसवणं. एखाद्याला जागेवर बसवलं, तर तो सेट केला. मग दगड बसवला, हाड बसवलं. मग जे आपलं आपण घट्ट बसतं तेही सेट. आणि इंग्रजीत संध्याकाळी सूर्यसुद्धा सेट होतो.

"आणि सकाळी?" दादांनी विचारलं.

"सकाळी दुसरा शब्द."

हे त्यांनी घरी येऊन रंगवून सांगितलं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मग असला अर्धाच शब्द घेऊन काय करायचंय?"

पण शब्द ओळीत शिरला. आधी पाक सेट झाला, मग केस सेट झाले, मग घड्याळं. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की पोरगी सेट झाली. कुणी साहेबाला गुपचूप खूश केलं की त्याची सेटिंग. नोकरी लागून कुणी दूर राहायला गेला की तो तिकडे सेट झाला. थिजणं, आळणं, विरजणं, सगळ्यांवर एकच चादर पडली आणि खाली कोण निजलंय ते दिसेनासं झालं.

दादांना लांबच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा ते निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "माझ्या तोंडाचा साचा काढ. मागे भांडायला कुणीतरी हवं ना तुला!"

वहिनींनी त्यांना ओट्यावर निजवलं, चेहऱ्याला आणि पुढच्या केसांना तेल चोपडलं, नाकपुड्यांत श्वासाला नळ्या दिल्या आणि वर प्लास्टर चढवलं. असल्या साच्यातून एकदाच चेहरा निघतो. आत ओतायचं, जमलं की वरचा साचा छिन्नीने टवके टवके करून उडवायचा. छिन्नी चेहऱ्यापर्यंत पोचली हे कळावं म्हणून आतल्या पहिल्या थरात कपड्यांची नीळ घालतात. म्हणून दादांचा चेहरा आत निळा उमटला, डोळे मिटलेला, खोल.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. उंबऱ्यावर म्हणाले, "सेट झालो की बोलावतो."

वहिनींनी साचा फळीवर उभा करून ठेवला, पोकळ बाजू खोलीकडे. ओतायचं राहिलं. मग राहिलं ते राहिलंच.

पोकळ चेहरा कधी नीट पाहिलाय तुम्ही? तो पोकळ दिसत नाही. दोन पावलं मागे जा, खळगा उलटून बाहेर येतो आणि फळीवर खराखुरा माणूस दिसतो. आणि तो स्थिर नसतो. तुम्ही उजवीकडे सरकलात की तोही उजवीकडे वळतो. चुलीपाशी गेलात की चुलीकडे बघतो. डोळे मिटलेले, तरी तोंड तुमच्याकडे. मी तिथे चहाला बसायचो तेव्हा पाठ करून बसायचो, आणि पाठीवर काहीतरी चालत असल्यासारखं वाटायचं. एकदा मी म्हटलं, "वहिनी, फडकं तरी टाका."

"मग तो बघेल कसा?" त्या सहज म्हणाल्या.

त्यांच्या सासूबाई तर दिवसभर त्याच्याशी बोलत. खाटेवरून दारात, दारातून खाटेवर, आणि प्रत्येक खेपेला मान वळवणारा निळा मुलगा. "बघ, आईला नजरेआड होऊ देत नाही," म्हातारी कौतुकाने सांगायची. मला ते कौतुक ऐकून धडकी भरायची.

सुरुवातीला दादांची पत्रं आली. मग निरोप आले. मग काहीच नाही. नदीपलीकडे नवा कारखाना निघाला आणि साचेखात्याची मुख्य म्हणून वहिनींना बोलावणं आलं. राहायला खोली, हाताखाली माणसं. त्यांनी नकार दिला. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा नकार. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी बोलावलं आणि निरोप कुलपाला मिळाला तर?" मग फळीकडे बघत म्हणाल्या, "अजून ओतलं नाही मी, भाऊजी. ओतलं नाही तोवर तेही कुठे जमलेले नाहीत."

हे बोलताना त्या हसल्या नाहीत. फळीवरचा चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता.

अशी वर्षं गेली आणि त्यांच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले.

आणि एका दुपारी भांड्यांची खोकी न्यायला आलेला ट्रकवाला विचारत विचारत आमच्या ओळीत आला. म्हणाला, तुमच्या माणसाशी माझी गाठ पडली. सासूबाई खाटेवरून उठल्याच. "कसा आहे? काय म्हणाला?"

"मजेत आहेत, आजी. एकदम सेट."

"ऐकलंस का गं? सेट झाला!" म्हातारीने दोन्ही हात जोडले. "आता बोलावणार!"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "सेट म्हणजे कसं, भाऊ? थिजल्यासारखं, की धरल्यासारखं?"

ट्रकवाला गोंधळला. "म्हणजे काय, ताई? सेट म्हणजे सेट. घर आहे, दारात वेल आहे. मी बसलो होतो तर आतून त्यांच्या मंडळींनी हाक मारली, पोराला घेऊन जेवायला या म्हणून." एवढं बोलल्यावर त्याला कळलं आपण कुणाच्या दारात उभे आहोत. पाणी न पिताच तो निघाला.

म्हातारी हळूहळू खाटेवर बसली. वहिनींनी तांब्या खाली ठेवला. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, साचा उतरवायला हात लावा. ओतते मी."

"अगं, आत्ताच? ऊब सरू दे..." म्हातारीने त्यांचंच बोलणं पुढे केलं.

"ती केव्हाच सरली, आई. मी हात लावून बघितलं नव्हतं, एवढंच."

आम्ही दोघांनी साचा उतरवला. आडवा ठेवताना तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर गर्रकन फिरला आणि वर बघत राहिला. वहिनींनी आत साबणाच्या पाण्याचे हात दिले, गालावर, कपाळावर, ओठांवर, जशी आजाऱ्याला आंघोळ घालावी तसे. घमेल्यात पाणी घेतलं. भुकटी चिमटीचिमटीने सोडली, ती पाण्यावर बेटासारखी उभी राहिली तेव्हा थांबल्या. बुडबुडा न उठवता कालवली आणि ओतली. निळा चेहरा पांढऱ्याखाली बुडाला. आधी नाकाचा खड्डा, मग ओठ, मग गाल, शेवटी पापण्या. खोलीत कुणी आपल्याकडे बघत नाहीये, असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते बघण्याहून वाईट होतं.

मग ऊब आली. म्हातारीने ओतलेल्या प्लास्टरच्या पाठीवर हात ठेवला होता. "तापलंय गं," ती कुजबुजली. "जिवंत आहे. अगं, जिवंत आहे तो!"

"ठेवा हात," वहिनी म्हणाल्या. "उतरेपर्यंत ठेवा."

तिने ठेवला. ऊब चढली, थांबली, उतरली. म्हातारीने हात काढला तो पदरात गुंडाळूनच.

वहिनींनी छिन्नी घेतली. पांढरे टवके उडाले, मग निळे. निळा दिसला की हात हलका, निळा सुटला की आत चेहरा. शेवटी ओल्या फडक्याने पुसून त्यांनी तो भिंतीला टेकवला आणि आम्ही तिघं मागे सरलो.

सासूबाई म्हणाल्या, "हा कोण?"

मलाही कळेना. नाक तेच, हनुवटी तीच, पण माणूस दुसराच. तोंडाची मुरड भलतीकडे. भांग भलतीकडून. म्हातारी पुढे गेली आणि तिने भुवईवर बोट ठेवलं. "खोक इकडे कुठे? माझ्या लेकाची खोक डाव्या भुवईत होती. रोज बघते मी!"

वहिनी एकदम खाली बसल्या. त्यांचा चेहरा त्या प्लास्टरहून पांढरा झाला होता.

"उजव्याच भुवईत होती, आई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच हळद भरली होती, तुम्हीच सांगितलंय मला. साच्यात सगळं उलटं उमटतं. आपण उलटा बघत होतो."

साच्यात उलटं उमटतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक! उभा जन्म त्यात गेला होता. पण फळीवरच्या त्या तोंडाने इतकी वर्षं मान वळवून वळवून स्वतःला त्यांच्या मनात उतरवलं होतं, आणि खरा माणूस केव्हा पुसला गेला ते ना आईला समजलं होतं, ना बायकोला. ज्याची वाट बघितली तो माणूस कुठल्याच रस्त्यावर नव्हता. आज दादा दारात उभे राहिले असते, तरी त्या दोघींनी विचारलं असतं, कोण पाहिजे?

वहिनी हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्याने. म्हातारी घाबरून बघत राहिली, मी तर दाराची कडी धरली. हसू संपलं तसं त्यांनी डोळे पुसले, हात धुतले, छिन्नी आणि पाती फडक्यात गुंडाळली, दोन लुगडी पिशवीत घातली.

"नदीपलीकडे जाते, आई. आज गेले तर उद्यापासून कामावर घेतील. खोली बघते."

म्हातारीने अडवलं नाही. उंबऱ्यापर्यंत आली आणि सवयीने तोंडातून गेलं तिच्या, "जा. सेट झालीस की बोलाव मला."

वहिनींनी मागे वळून तिचा हात हातात घेतला. "सेट नाही व्हायची मी. पोचले की बोलावते. भाऊजी, तोवर आईंना दोन वेळचं बघाल ना?"

"बघतो," मी म्हटलं.

त्या निघाल्या. कारखान्याच्या भिंतीकडेने, पायाला लागलेल्या प्लास्टरची पांढरी पावलं उमटवत. मी एकदा मागे खोलीत बघितलं. भिंतीला टेकलेला चेहरा समोरच्या चुलीकडे तोंड करून होता. मी हललो, तो हलला नाही.

पण ओट्यावर निळ्या टवक्यांचा ढीग पडला होता, आणि ढिगावर एक मोठा टवका होता, मिटलेल्या पापणीचा, खोलगट. वहिनी रस्त्याने जसजशा पुढे जात होत्या तसतशी म्हातारी दारात त्यांच्याकडे सरकत होती, मी तिच्यामागे सरकत होतो, आणि तो टवका आमच्यामागे वळत होता. वहिनी वळणाआड होईपर्यंत आम्ही तिघं बघत होतो.

मग म्हातारी आत आली, आणि तिने त्या टवक्यावर घमेलं पालथं घातलं.