पीण्याला नोकरी, बसवनगुडीला शाळा

यजमानांना बंगलोरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नोकरी मिळाली आणि घर शोधायला मी गेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सगळे बंगलोरच म्हणत. जुन्या कारखान्यातून त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत रजा मिळणार नव्हती, आणि मे महिना निम्मा सरला होता. मुलगी वैजयंती कोल्हापुरात मराठी माध्यमातून सातवी पास झाली होती. तिला बरोबर घेतलं, कारण शाळेत प्रश्न तिला विचारणार होते, मला नाही.

निघताना यजमानांनी एकच अट घातली. बारा वर्षं ते कोल्हापूरहून इचलकरंजीला रोज एस.टी.ने जात-येत होते. "कारखान्यात चालत जाता येईल असं घर बघ. बाकी सगळं तुझ्यावर सोडलं." अट रास्त होती. मी तसं म्हणालेही.

वैजूची अट बस बेळगाव सोडून पुढे गेल्यावर कळली.

"आई, सातवीत परत बसवणार असतील तर मी येणार नाही. मावशीकडे राहीन."

"कोण बसवतंय तुला?"

"इंग्रजी माध्यमात घेताना बसवतात. शेजारच्या राजूला पुण्यात बसवलं."

"आधी शाळा तर बघू."

"बघ की. मी फक्त सांगून ठेवते."

कोल्हापूर-बंगलोर रस्ता तेव्हा दुपदरी होता. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर अशी गावं घेत बस सकाळी पोचायची. मागच्या चाकावरची जागा घेऊ नका, हा सल्ला आजही लागू असावा. तुमकूरला इडली मिळाली, नारळाच्या चटणीत बुडवलेली, आणि पेलाभर कडक कॉफी. त्यानंतर बंगलोर सुरू झालं ते पीण्यापासूनच. दोन्ही हातांना पत्र्याच्या शेड, बाहेर लोखंडी सळया उतरवणारे टेम्पो, फाटकाशी डबे हातात धरून उभी माणसं. राहती घरं फार दिसली नाहीत. शाळेचा गणवेश घातलेलं मूल तर एकही दिसलं नाही. सुट्टी होती म्हणून, असं मी मनाला समजावलं.

आम्ही उतरलो चामराजपेठेत, सुमित्राक्कांकडे. यजमानांच्या एका जुन्या सहकाऱ्याची ही चुलत बहीण. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी करणारी, पन्नाशीची, दणकट बाई. घरचं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगलोरात काढलेलं.

"या, या. ऊटा झालं का?" त्यांनी दारातच विचारलं. ऊटा म्हणजे जेवण. सकाळचे आठ वाजले होते. तिथे हे असंच विचारतात, उत्तर कोणी मनावर घेत नाही.

वैजूला हसू आलं. अक्कांनी ते पाहिलं.

"आमचं मराठी ऐकून हसतीस होय? शहाजीराजांच्या मागनं आलो आमी. तवापासनं कुणी दुरुस्तच केलं नाही की."

पहिला दिवस मी पीण्याच्या बाजूला दिला. अक्कांनी रजा काढली होती. शहर बसचं तिकीट स्वस्त, पण पाट्या कन्नडमध्ये आणि आकडेही कन्नडमध्ये, त्यामुळे पहिले दोन दिवस बरोबर माणूस हवाच. राजाजीनगरमध्ये घरं चांगली होती. रुंद रस्ते, घरटी एक नारळ, भाडंही झेपण्यासारखं. कारखान्यापासून फार लांब नाही. चालत नाही, पण सायकलने सहज. शाळाही होत्या. एका शाळेने वैजूचं प्रगतिपुस्तक पाहिलं, मराठी माध्यम हे शब्द वाचले आणि सातवीचा फॉर्म पुढे केला. दुसरीने फॉर्म न देता तेच तोंडी सांगितलं. मल्लेश्वरममध्ये तिसरी शाळा होती, नावाजलेली. तिथल्या बाई फार सौजन्याने बोलल्या. सातवीच.

 दुपारी एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, मसाला दोसा घेतला. वैजूने तो पूर्ण संपवला. मला वाटलं, तिला त्या उत्तरांचं फारसं वाटलेलं नाही. मग ती म्हणाली, "मावशीच्या घरी माझा पलंग खिडकीजवळ लावायला सांगशील का?"

दुसरा दिवस कॅन्टोन्मेंटच्या बाजूला वाया गेला. हिरवळ, दगडी इमारती आणि फाटकावरच कळलं की प्रवेश कधीच संपले. बंगलोरच्या शाळा आमच्याकडच्यापेक्षा लवकर उघडतात. आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा, म्हणून मेमध्ये हिंडायला भरपूर वेळ, ही कोल्हापूरच्या बाईची समजूत. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी ही चूक करू नये. त्याच दिवशी एका दलालाने महादेवपुऱ्याकडे जागा दाखवायची तयारी दाखवली.

"उधर शाला है?" मी विचारलं.

"आयेगा मॅडम, सब आयेगा."

"कब?"

"स्वल्प टाइम."

आलंही सगळं तिकडे, पण वैजूची शाळा संपून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "बसवनगुडीत एक बघू. भपका काही नाही तिथं." मी नकाशा पाहिला. बसवनगुडी दक्षिणेला, पीण्या वायव्येला, मध्ये सगळं शहर. तरी गेलो, कारण दुसरं काही उरलं नव्हतं.

कौलारू शाळा, मातीचं मैदान, पावसाच्या पाण्याने डागाळलेली भिंत. मुख्याध्यापिका खादीची साडी नेसलेल्या, हातात खडू घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवलं आणि वैजूला फळ्यापाशी नेलं. इंग्रजीत लिहिलेलं एक गणित दिलं. ते तिने सोडवलं. मग विज्ञानाचा एक उतारा वाचायला दिला. वैजू अडखळत वाचत होती. पण वाचून झाल्यावर त्यांनी "काय समजलं ते सांग" म्हटलं, तेव्हा मोडक्या इंग्रजीत तिने मुद्दा बरोबर सांगितला.

मग त्यांनी मला तिथली पद्धत समजावून दिली. कर्नाटकात दहावीला तीन भाषा असतात. त्यांच्या शाळेत पहिली भाषा संस्कृत, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. "संस्कृतची लिपी हिच्या हातात आहे, तिथे ती माझ्या मुलांच्या पुढे असेल. इंग्रजी सहा महिन्यांत येईल. प्रश्न कन्नडचा आहे." शाळा सुटल्यावर रोज तासभर एक शिक्षिका तिला कन्नड शिकवतील. त्या अटीवर आठवी. आणि त्यासाठी घर चालत येण्याच्या अंतरावर हवं. लांबून येणारी मुलं संध्याकाळचा तास दसऱ्यापर्यंत टिकवतात आणि सोडतात, असा त्यांचा अनुभव होता. पत्ता शुक्रवारी दुपारपर्यंत हवा होता, नंतर यादी बंद. हे बोलणं बुधवारी झालं.

मग त्या वैजूकडे वळल्या. "विल यू लर्न कन्नडा?"

"इफ एट्थ, यस."

"शी बार्गेन्स," त्या मला म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

घर गुरुवारी सापडलं. बसवनगुडीत घर शोधायचं म्हणजे फाटकांवर टांगलेल्या टू-लेटच्या पाट्या वाचत चालायचं. गांधी बाजारापासून सुरुवात केली. फुलांचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास सोडला तर मला त्या भागाचं काही विशेष वाटलं नाही, पण सावली चांगली होती. शाळेच्या मागच्याच रस्त्याला तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मालकीणबाई इंदिरम्मा वर राहत. दहा महिन्यांचं भाडं अनामत, हा तिथला सार्वत्रिक रिवाज; तयारीने जावं. पाणी एक दिवसाआड, अंगणात जमिनीखाली टाकी. मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, मोरीत पाणी ओतून पाहिलं, खिडक्यांचे बोल्ट सरकवून पाहिले. इंदिरम्मांना ते आवडलं असावं. मग त्यांनी अक्कांना कन्नडमध्ये काही विचारलं. अक्का माझ्याकडे वळल्या.

"मांस-मासे चालत नाही म्हणती. तुमी कोल्हापूरचे, मी काय सांगू?"

"खरं सांगा. घरात शिजवणार नाही म्हणावं. बाहेर काय खाऊ ते आमचं."

"खरं सांगितलं तर घर जाईल की हो."

"मग जाऊ दे."

अक्कांनी सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण वाक्य बरंच लांब होतं. इंदिरम्मांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या.

अडचण दुसरीच निघाली. हुबळीचं एक बँकवाल्यांचं कुटुंब घर पाहून गेलं होतं आणि शनिवारी येणार होतं. कोणाचेही पैसे इंदिरम्मांनी घेतले नव्हते. त्यांच्याकडे शब्द पक्का होतो तो नव्या घरात दूध उतू घालवल्यावर, त्याआधी नाही. शुक्रवारी सकाळी मुहूर्त चांगला होता. आमचं दूध उतू गेलं की घर आमचं, मग हुबळीकर आले तरी परत जातील.

आपल्याकडेही वास्तुशांतीला दूध उतू घालवतात, पण स्वतःच्या घरात. भाड्याच्या दोन खोल्यांसाठी मी कधी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी एस.टी.डी. बूथवरून कोल्हापूरला शेजाऱ्यांकडे फोन लावला. यजमान दुसऱ्या पाळीला गेले होते. निरोप ठेवू का, शेजाऱ्यांनी विचारलं. हा निरोप दुसऱ्याच्या तोंडून द्यायचा नव्हता. मी फोन ठेवला.

"अक्का, इथून पीण्या किती?"

"दोन बशी. मार्केटला बदलायचं. तास, दीड तास लागतो."

"एका बाजूला?"

"मग काय दोन्ही बाजूंनी?"

वैजू शेजारी उभी होती. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. बाबांना चालेल, किंवा नाही चालणार. ती बूथच्या काचेवरचे फोनचे दर वाचत होती. मुलीचं एक वर्ष आणि नवऱ्याचे रोजचे तीन तास यांची तुलना कशी करायची हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. वर्ष गेलं तर वैजू येणार नव्हती, एवढं मात्र मला ठाऊक होतं. तिने सांगून ठेवलं होतं, आणि ती माझीच मुलगी होती. मी बूथवाल्याचे पैसे दिले आणि अक्कांना म्हणाले, "उद्या सकाळी दूध घेऊन जाऊ."

अक्कांनी घरचा वातीचा स्टोव्ह आणि पितळी पातेलं आणलं. रिकाम्या स्वयंपाकघरात हळद-कुंकू लावून स्टोव्ह मांडला. लग्न झाल्यापासून मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहिले आहे. त्या दिवशी हात मागे बांधून पाहत राहिले. इंदिरम्मांची नजर पातेल्याच्या कडेवर होती. दूध पूर्वेला सांडावं लागतं. इंदिरम्मा वरच्या मजल्यावर फुलं आणायला गेल्या तेवढ्यात अक्कांनी स्टोव्हच्या एका पायाखाली बसच्या तिकिटाची घडी सरकवली.

"अहो, हे काय?"

"फरशी वाकडी आहे. देवाला स्वल्प मदत."

दूध पूर्वेला सांडलं. इंदिरम्मांनी किल्ली दिली. दुपारी शाळेत पत्ता लिहून दिला, आणि मुख्याध्यापिकांनी वैजूच्या हातात पहिलीचं कन्नड पुस्तक ठेवलं. आठवीतल्या मुलीला अ, आ, इ पासून. तिने ते परतीच्या बसमध्ये उघडलं आणि दावणगेरेपर्यंत मिटलं नाही.

शनिवारी आम्ही कोल्हापुरात पोचलो तेव्हा यजमान जेवत होते.

"मिळालं घर?"

"मिळालं. बसवनगुडीला."

"पीण्यापासून?"

"दोन बस."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि ही?"

"आठवीत."

"बरं." आणखी एक घास घेऊन म्हणाले, "मटण?"

"घरात नाही."

"बरं."

ते हात धुवून आले, पंच्याला पुसत उभे राहिले. "पहिली पाळी सातची आहे. तिकडून पहिली बस कितीला सुटते?"

पाणी, मोरी, अनामत, भाषा, मुहूर्त, सगळं मी विचारून आले होते. हे नव्हतं विचारलं. घर शोधायला निघालेल्यांनी हे विचारून घ्यावं: घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात आधी बाहेर पडायचं आहे, त्याची पहिली गाडी.

"सव्वापाचला," आतून वैजू म्हणाली. "मार्केटला दुसरी लगेच मिळते. कंडक्टरला विचारलं मी. पण रविवारी नाही म्हणाला."

"रविवारी मला सुट्टी आहे," यजमान म्हणाले.

त्या बसने ते तीन वर्षं गेले. त्याबद्दल मला कधी काही बोलले नाहीत. वैजूला बोलले असतील तर ठाऊक नाही. मी पुन्हा निवड केली तर हीच करीन, आणि त्या तीन वर्षांची किंमत कोणी दिली हेही विसरणार नाही. वैजूची दहावीची परीक्षा संपली त्याच महिन्यात आम्ही पीण्याजवळ घर बदललं, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते घर वैजूने शोधलं. मालकांशी सगळं बोलणंही तिनेच केलं, कन्नडमध्ये, भाड्यासकट. मी आणि यजमान मागे उभे होतो. बोलून झाल्यावर तिने आमच्याकडे वळून पाहिलं, आणि आम्ही दोघांनी "सरी" म्हटलं.